बाकडं नसलेलं बाकडं: जॉर्ज नेल्सनच्या पट्ट्यांच्या बेंचची गोष्ट

इतिहास म्हटलं की आपल्याकडे किल्ले, लढाया, तह असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. आज आपण बघणार आहोत एका बाकड्याचा इतिहास. लाकडी पट्ट्यांचं, पाठ नसलेलं, हात नसलेलं, अगदी साधं दिसणारं बाकडं. वय ऐंशीच्या आसपास. अधिकृत नाव ‘प्लॅटफॉर्म बेंच’, पण बरेच लोक त्याला नुसतं ‘नेल्सन बेंच’ म्हणतात.

हे बाकडं किंवा त्याची एखादी नक्कल तुम्ही नक्की पाहिली असणार. हॉटेलच्या लॉबीत, ऑफिसच्या रिसेप्शनसमोर, आणि इंटिरियरच्या रील्समध्ये तर हमखास. दारापाशी लांबट लाकडी बाक, त्यावर एक कुंडी, खाली चपला. तरीही तुम्ही लोकलमध्ये उभे राहून हे ऐकत असाल आणि फोटो शोधणं शक्य नसेल, म्हणून शब्दांत सांगतो. उंची १४ इंच, म्हणजे साधारण दीड वीत. रुंदी साडेअठरा इंच. लांबी आज चार, पाच आणि सहा फूट अशी मिळते. वरच्या भागात अरुंद लाकडी पट्ट्या लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी बसवलेल्या, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये सारखी फट. खाली काळे पाय. बाजूने बघितलं तर वर रुंद, खाली निमुळते. संपलं. गादी नाही, नक्षी नाही, पॉलिशची चमकधमक नाही.

आता यातली गंमत ऐका. या बाकड्याचं पहिलं काम माणसाला बसवणं हे नव्हतंच. ते कपाटं ठेवायला बनवलं होतं. माणसं बसतील हे दुसरं काम, जमलं तर करायचं. कपाटं आज जवळपास विस्मरणात गेली आणि त्यांच्याखालचं बाकडं जगभर पोचलं. हे कसं झालं, त्याचीच आजची गोष्ट.

पाट आठवा

नेल्सनकडे जाण्याआधी एक मिनिट आपल्या घरात थांबू. आपल्याकडे पाट असतो. जेवायला पाटावर बसतात, दिवाळीत अभ्यंगस्नानाला पाटावर बसतात आणि गणपती आणायला जातानाही पाटच घेऊन जातात. तोच पाट. माणूस बसला तर आसन, मूर्ती ठेवली तर बैठक. ‘हा पाट बसायचा की ठेवायचा?’ असं घरात कुणी विचारत नाही. जमिनीपासून थोडी उंच, सपाट, मजबूत जागा एवढीच पाटाची ओळख, बाकीचं आपण ठरवायचं.

हे लक्षात ठेवा. कारण १९४० च्या दशकातल्या अमेरिकेत फर्निचरचा विचार असा होत नव्हता. तिथे दुकानात ‘सेट’ मिळायचे. बेडरूमचा सेट, डायनिंगचा सेट. प्रत्येक वस्तूचं काम ठरलेलं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि शक्यतो सगळ्यांवर जुन्या युरोपातल्या राजवाड्यांची नक्कल केलेली नक्षी. आपलं बाकडं जन्माला आलं ते या पद्धतीला कंटाळलेल्या एका माणसाच्या डोक्यातून. आणि तो माणूस फर्निचरवाला नव्हता.

फर्निचर न येणारा माणूस

जॉर्ज नेल्सन. जन्म १९०८, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं हार्टफर्ड शहर. येल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकला. १९३२ मध्ये त्याला ‘रोम प्राइझ’ मिळालं, म्हणजे रोममध्ये राहून अभ्यास करायची शिष्यवृत्ती. तिथे असताना हा पठ्ठ्या युरोपभर फिरला आणि त्या काळातल्या नव्या विचारांच्या आर्किटेक्टना गाठून त्यांच्या मुलाखती घेत सुटला. मीस फान डेर रोह, ल कॉर्ब्युझिए, वॉल्टर ग्रोपिअस, जिओ पोंती. आज ही नावं आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला पाठ करावी लागतात. तेव्हा अमेरिकेतल्या सर्वसाधारण वाचकाला त्यांची फारशी ओळख नव्हती. नेल्सनने त्यांच्यावर लिहिलेले लेख ‘पेन्सिल पॉइंट्स’ नावाच्या मासिकात आले.

परत आल्यावर १९३५ मध्ये तो ‘आर्किटेक्चरल फोरम’ या मासिकात संपादक म्हणून लागला. हे मासिक ‘टाइम’ कंपनीचं. ‘लाइफ’ आणि ‘फॉर्च्युन’ ही मासिकंही त्याच घरातली. हे नातं पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

थोडक्यात, नेल्सन म्हणजे शिकलेला आर्किटेक्ट आणि पेशाने लिहिणारा माणूस. सुतारकाम हा त्याचा धंदा नव्हता. प्रश्न विचारणं हा त्याचा धंदा होता.

आणि एक प्रश्न त्याने फार छान विचारला. हेन्री राइट या सहकाऱ्याबरोबर तो ‘टुमॉरोज हाउस’ हे पुस्तक लिहीत होता. विषय असा की उद्याचं घर कसं असावं. सामान ठेवायच्या प्रकरणापाशी गाडी अडली. घरात वस्तू वाढत चालल्यात आणि जागा तर नाही, मग ठेवायचं कुठे? विचार करता करता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. अमेरिकेतली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे दोन्हीकडून पत्रे ठोकावेत तसे दोन पडदे आणि मध्ये पोकळी. मग ही पोकळी थोडी वाढवली तर? भिंत फूटभर जाड केली तर तीच कपाट होईल! एका बाजूने पुस्तकं, दुसऱ्या बाजूने कपडे.

या कल्पनेला त्याने ‘स्टोरेज वॉल’ नाव दिलं. १९४५ च्या जानेवारीत ‘लाइफ’ मासिकाने ती मोठ्या फोटोंसकट छापली आणि ती देशभर पोचली. आज आपल्या टू-बीएचकेमध्ये टीव्हीची अख्खी भिंत कपाटांनी भरलेली असते ना, तिच्या घराण्यातला हा एक पूर्वज.

झीलंडचे डी प्री

तो अंक वाचणाऱ्यांत एक होते डी. जे. डी प्री. मिशिगन राज्यात झीलंड नावाचं छोटं गाव आहे, डच स्थलांतरितांनी वसवलेलं. तिथल्या एका फर्निचर कंपनीत ते १९०९ मध्ये कारकून म्हणून लागले. पुढे १९२३ मध्ये त्यांनी सासऱ्यांच्या मदतीने कंपनी ताब्यात घेतली आणि सासऱ्यांचंच नाव तिला दिलं. सासऱ्यांचं नाव हर्मन मिलर! जगातला एवढा मोठा फर्निचर ब्रँड, आणि नाव कुणाचं, तर सासरेबुवांचं. जावयाने मान राखला म्हणायचा.

सुरुवातीला ही कंपनीही इतरांसारखंच नकली-राजेशाही फर्निचर बनवायची. १९३० मध्ये मंदीच्या तडाख्यात धंदा डबघाईला आला असताना गिल्बर्ट रोडी नावाचा डिझायनर डी प्रींना भेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की घरं लहान होतायत, माणसांचं जगणं बदलतंय आणि तुम्ही अजून जुन्या राजांच्या खुर्च्यांची नक्कल करताय. धार्मिक वृत्तीच्या डी प्रींना यातला खरे-खोटेपणाचा मुद्दा भिडला. नक्कल म्हणजे एक प्रकारे खोटं बोलणंच की! कंपनीने हळूहळू आधुनिक वाट धरली आणि ती तगली.

१९४४ मध्ये रोडी वारला. डी प्रींना नवा माणूस हवा होता. ‘लाइफ’मधली स्टोरेज वॉल बघून ते नेल्सनकडे गेले. नेल्सनने सांगितलं की मला फर्निचरमधलं काही कळत नाही. डी प्रींना तेच हवं होतं. ज्याला ‘असंच करतात’ हे माहीत नाही, तोच ‘असंच का करतात?’ हे विचारू शकतो. नेल्सन कंपनीचा डिझाइन डायरेक्टर झाला आणि १९७२ पर्यंत, म्हणजे पाव शतक, त्या जागेवर राहिला.

बाकडं आलं कुठून?

आता १९४६ सालात या. दुसरं महायुद्ध संपलंय. लाखो सैनिक घरी परतलेत, लग्नं करतायत, आणि राहायला घरं नाहीत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन नावाची वसाहत सुरू झाली. एकसारखी, भराभर बांधलेली छोटी घरं, प्रत्येकी सुमारे ७५० चौरस फुटांची. थोडक्यात आपला मध्यमवर्गीय फ्लॅट! अशी घरं काही वर्षांत तिथे १७ हजारांहून जास्त उभी राहिली.

या घरात राजवाडी सेट शिरणार कसा? आणि शिरला तर माणसं कुठे उभी राहणार?

नेल्सनने हर्मन मिलरसाठी केलेल्या पहिल्या संग्रहात या प्रश्नाचं एक उत्तर होतं. ‘बेसिक कॅबिनेट सिरीज’. ठरावीक मापाची, सुटी सुटी कपाटं. कुणात ड्रॉवर, कुणात दारं, कुणात मोकळे कप्पे. ती शेजारी शेजारी लावायची, हवी तेवढी घ्यायची, पुढे पगार वाढला की आणखी एक आणायचं. मापं जुळणारी, त्यामुळे नंतर आणलेलं कपाटही आधीच्याला लागून बसणार. आज याला आपण मॉड्युलर म्हणतो आणि किचनवाला त्याचे वेगळे पैसे लावतो.

पण सुट्या कपाटांना पाय लागतात. प्रत्येक कपाटाला स्वतःचे चार पाय दिले तर तीन कपाटांचे बारा पाय. दिसायला गिचमिड, आणि केर काढताना झाडू अडकणार तो वेगळाच. त्यापेक्षा एकच लांब, बुटका ओटा करायचा आणि त्यावर कपाटं मांडायची. हा ओटा म्हणजेच आपला प्लॅटफॉर्म बेंच. नावातच आहे बघा, प्लॅटफॉर्म. आधी फलाट, मग बाक.

आता खरी युक्ती बघा. सहा फुटी ओट्यावर दोन कपाटं मांडली आणि दोन फूट जागा उरली. उरलेल्या जागेवर पाहुणा बसू शकतो, किंवा रेडिओ, दिवा, पुस्तकं ठेवता येतात. उद्या कपाटं दुसऱ्या खोलीत गेली तर अख्खा ओटा रिकामा. मग तो सोफ्यासमोर ठेवा, टीपॉय झाला. भिंतीला लावा, चार माणसांची बसायची सोय झाली. कंपनीने १९४८ च्या कॅटलॉगमध्ये त्याची ओळखही अशीच करून दिली. मुख्य काम कपाटांचा आधार, शिवाय बुटकं टेबल आणि जादा माणसांना बसायची जागा. म्हणजे आपला पाटच की! फक्त सहा फुटी आणि मिशिगनचा.

पट्ट्या आणि फटी का?

इथे एक प्रश्न येतो. ओटाच हवा होता तर सरळ एक फळी का नाही? पट्ट्या-पट्ट्यांची उठाठेव कशाला?

एक कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड कापून वाळवलं तरी ते हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं. पावसाळ्यात तुमच्या घराचं दार चौकटीत अडकतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत मोकळं होतं, ते याच कारणाने. हे फुगणं-आकसणं लांबीच्या दिशेने अगदी नगण्य असतं, पण रुंदीच्या दिशेने चांगलं जाणवतं. साडेअठरा इंच रुंदीची सलग फळी ऋतूबरोबर काही मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते, आणि तिला खालून पक्कं जखडून ठेवलं तर ती तडकते किंवा वाकते. तेच लाकूड अरुंद पट्ट्यांमध्ये विभागलं की प्रत्येक पट्टी आपापलं थोडंसं फुगते आणि थोडंसं आकसते. फटी तो फरक पोटात घालतात.

दुसरं कारण वजनाचं. फटी म्हणजे न वापरलेलं लाकूड. लाकूड कमी, तर वजन कमी, आणि बाकडं इकडून तिकडे हलवणं सोपं. जी वस्तू आज ओटा, उद्या टीपॉय आणि परवा बाक होणार, ती हलवता यायलाच हवी.

तिसरं कारण डोळ्यांचं. फटींतून उजेड खाली जातो, हवा खेळते. छोट्या खोलीत सहा फुटांची सलग फळी धोंड्यासारखी दिसली असती. पट्ट्यांमुळे एवढी मोठी वस्तू हलकी वाटते, जमिनीवर तिची पट्टेरी सावली पडते आणि खालची फरशी दिसत राहते. फरशी दिसली की खोली मोठी वाटते. इंटिरियरवाले आजही हेच सांगतात.

पायांकडेही बघा. काळ्या रंगाचे लाकडी पाय, आणि त्यांच्या कोपऱ्यांत फिंगर जॉइंट. आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवतो तसे दोन लाकडांचे दाते एकमेकांत बसवलेले. हा सांधा कारागीर सहसा झाकून टाकू शकतो. इथे तो उघडा ठेवलाय. कसं जोडलंय ते बघा आणि खात्री करून घ्या, असंच जणू सांगणं. धातूच्या पायांचं बाकडंही मिळतं, पण मला विचाराल तर खरी मजा काळ्या लाकडी पायांत आहे.

‘फार वेळ बसू नका’

या बाकड्याबद्दल आणखी एक किस्सा सांगितला जातो. नेल्सनने असं बाकडं आधी स्वतःच्या ऑफिससाठी केलं होतं म्हणे, ‘फॉर्च्युन’ मासिकात होता तेव्हा. आणि ते मुद्दाम थोडं गैरसोयीचं केलं, का, तर भेटायला आलेली मंडळी गप्पा मारत तासन्‌तास ठाण मांडून बसू नयेत!

किस्सा सांगताना प्रत्येकाने त्यात थोडी भर घातली असणार, पण बाकड्यावर बसून बघितलं तर तो पटतो. पाठ टेकायला काही नाही, उंची १४ इंच. नेहमीची खुर्ची १७-१८ इंचांची असते. दहा मिनिटं छान वाटतं. अर्ध्या तासाने माणूस चुळबुळायला लागतो.

आणि इथे मला या बाकड्याशी थोडं भांडायचं आहे. घरात दारापाशी बूट घालायला ही उंची ठीक आहे. पण हेच बाकडं दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा बँकेत ठेवलं तर? गुडघे दुखणाऱ्या आजींना १४ इंचांवरून उठताना धरायला हात नाही, टेकायला पाठ नाही. सार्वजनिक जागेत बसायची वस्तू निवडताना ती फोटोत कशी दिसते याच्याआधी तिथे कोण बसणार आहे हे बघायला हवं. नेल्सनच्या बाकड्याने ‘मी प्रतीक्षालयासाठी आहे’ असा दावा कधी केला नव्हता. त्याला तिथे नेऊन ठेवणारे आपण.

प्रामाणिकपणा कुणाचा?

१९४७ च्या जानेवारीत नेल्सनने ‘फॉर्च्युन’मध्ये अमेरिकन फर्निचर धंद्यावर सणसणीत लेख लिहिला. धंदा कसा जुनाट आहे, जुन्या नकलांवर कसा जगतोय, याचा पंचनामा. बघा, ज्या धंद्यातून पगार घ्यायचा त्याच धंद्याचे वाभाडे काढायचे! मग १९४८ च्या कॅटलॉगच्या प्रस्तावनेत त्याने हर्मन मिलर कंपनी कशावर विश्वास ठेवते ते पाच मुद्द्यांत सांगितलं. तुम्ही काय बनवता याला महत्त्व आहे. डिझाइन हा धंद्याचाच अविभाज्य भाग आहे. वस्तू प्रामाणिक असली पाहिजे. काय बनवायचं ते तुम्ही ठरवायचं. आणि चांगल्या डिझाइनला बाजार असतो. तो कॅटलॉगही फुकट वाटला नाही, पुठ्ठा बांधणीचं पुस्तक म्हणून विकला. लोकांनी तो विकत घेतलासुद्धा.

यातला तिसरा मुद्दा बाकड्याला अगदी लागू पडतो. लाकूड लाकडासारखं दिसतं, सांधा सांध्यासारखा दिसतो, वजन कुठून कुठे जातं ते डोळ्यांनी कळतं. वस्तू प्रामाणिक आहे, यात वाद नाही.

पण मग वस्तूवरच्या नावाचं काय? आपण ‘नेल्सन क्लॉक’, ‘नेल्सन सोफा’ असं सहज म्हणतो. नेल्सनचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये होतं आणि तिथे अनेक डिझायनर काम करायचे. त्यांतला एक आयर्विंग हार्पर. हर्मन मिलरचा तो प्रसिद्ध ‘एम’ आकाराचा लोगो १९४७ मध्ये हार्परने केला. जाहिरात करायची होती आणि छापायला फर्निचरचा फोटोच नव्हता, म्हणून त्याने मोठा ‘एम’ काढला! १९५६ चा गोल गोल उशांचा मार्शमॅलो सोफाही त्याचाच. पण जगात नाव गेलं नेल्सनचं. ऑफिसच्या आत कुणी काय केलं याची नोंद राहू शकते, बाहेर मात्र ऑफिसचंच नाव जायला हवं, अशी नेल्सनची भूमिका होती. हार्परचं नाव मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आलं ते त्याच्या म्हातारपणी. तो २०१५ मध्ये वारला.

बाकडं हार्परचं आहे असं मी म्हणत नाही. ते १९४६ चं, आणि हार्पर नेल्सनकडे आला १९४७ मध्ये. माझा मुद्दा वेगळा आहे. लाकडाचा सांधा उघडा ठेवणं हा प्रामाणिकपणा असेल, तर माणसांचे सांधेही उघडे ठेवायला हवेत. कुणी काढलं, कुणी जोडलं, कुणी घासलं. स्टार्टअपमध्ये, एजन्सीत, कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुम्ही काम केलं असेल, तर तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

आणि एक धागा अहमदाबादपर्यंत

याच नेल्सनची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिझाइन डायरेक्टर झाल्यावर बहुतेक लोक काय करतील? कंपनीत आपलंच फर्निचर विकलं जावं हे बघतील. नेल्सनने डी प्रींना सांगितलं, की चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याचं काम बघा, त्यांना घ्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ईम्सच्या प्लायवूडच्या खुर्च्यांचं प्रदर्शन लागलं होतं. पुढे ईम्स हर्मन मिलरकडे आले, आणि नेल्सनपेक्षाही जास्त गाजले. आपल्याच कंपनीत आपल्याहून मोठा माणूस आणायला मन मोठं लागतं.

आता हे ईम्स आपल्या ओळखीचे का? भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने हेच जोडपं भारतात फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? लोट्याचं! पाण्याच्या साध्या लोट्याचं. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो, किती पाणी मावतं, ओतताना तोल कसा राहतो, घासायला कसा सोपा, फुटला-तुटला तर धातूची किंमत किती येते. असे सगळे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वापरातून सुटत गेले आणि लोट्याला त्याचा आकार मिळाला, असं त्यांचं म्हणणं. या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे आपली एनआयडी, उभी राहिली.

नेल्सनचं बाकडं आणि ईम्सना आवडलेला लोटा यांचा थेट संबंध नाही. पण या मंडळींची नजर एकच होती. वस्तू दिसते कशी हे नंतर, आधी ती कुठली कामं करते ते बघा.

परत आलेलं बाकडं

१९६७ मध्ये हर्मन मिलरने हे बाकडं बनवणं थांबवलं. फॅशन बदलली होती, कपाटांच्या पद्धती बदलल्या होत्या. मग १९९४ मध्ये कंपनीने ते परत आणलं. युरोपात व्हिट्रा ही कंपनी ते बनवते. मधल्या काळात नेल्सन १९८६ मध्ये गेला, त्यामुळे आपल्या बाकड्याचा हा दुसरा जन्म त्याने पाहिला नाही.

आणि दुसऱ्या जन्मात काय झालं बघा. ज्या कपाटांसाठी ते केलं होतं, ती बहुतेकांना आठवतही नाहीत. जे जादा काम होतं, तेच आता मुख्य झालं. हर्मन मिलरच्या अस्सल बाकड्याची किंमत आज हजार डॉलरच्या वर आहे. लहान घरात नवा संसार मांडणाऱ्या जोडप्याच्या अडचणीतून निघालेली वस्तू आता असल्या जोडप्याला परवडत नाही. हे मला खटकतं, आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. चांगल्या डिझाइनला बाजार असतो हे नेल्सनचं म्हणणं खरं ठरलं. पण बाजार कुणाचा, हे त्या पाच मुद्द्यांत नव्हतं.

बरं, अस्सल बाकड्याच्या मागे लागा असं मी सांगतच नाही. तुम्ही पुण्यात, नाशिकमध्ये, ठाण्यात भाड्याच्या खोलीत राहत असाल आणि दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवत असाल, तर या बाकड्यामागचा प्रश्न फुकट आहे, तो घ्या. वस्तू आणण्याआधी विचारा, की ही किती कामं करेल? पुढच्या खोलीत ही कुठे बसेल? मी एकटा उचलू शकेन का? आणि ओळखीचा सुतार असेल तर त्याला पट्ट्यांचं बाकडं करायला सांगून बघा. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. लाकूड नीट वाळलेलं हवं. आणि उंची घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून ठरवा. १४ इंच हा काही शास्त्रातला नियम नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी आणली एका कामासाठी आणि आता करते भलतंच काम? शिलाई मशीनचं टेबल झालेला स्टडी टेबल, ट्रंकेचा झालेला दिवाण, काहीही. आम्हाला नक्की कळवा, फोटोसकट. कुणी बनवली ते माहीत असेल तर त्या माणसाचं नावही लिहा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!